अटॅक्सिया: तोल जातोय, हात कुणाचा धरायचा?

सावकाश:

उपचार विचारायला हा धागा काढलेला नाही. त्याबद्दल डॉक्टरांशी बोलून झालंय, आणि खरं सांगायचं तर ते बोलणं फार लवकर संपतं.

मला एससीए ३ आहे. पूर्ण नाव स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार ३; काही ठिकाणी मचाडो-जोसेफ आजार असंही लिहिलेलं सापडेल. लहान मेंदू आणि त्याला जोडलेल्या भागांतल्या पेशी हळूहळू झिजत जातात. तोल, हातांची अचूकता, बोलणं, गिळणं, डोळ्यांची हालचाल यातलं एकेक बिघडत जातं. ताकद बरीच वर्षं टिकते, समजही बहुतांशी शाबूत राहते. हातपाय जागच्या जागी आहेत, फक्त ऐकत नाहीत.

वडिलांना हेच होतं. या प्रकाराचं जनुक सापडलंच मुळी १९९४ साली, आणि ते त्याआधीच गेले. त्यांच्या चालण्यावर लोकांचं निदान ठरलेलं होतं: पितो. त्यांनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता. शेवटी शेवटी ते दिवसाउजेडी घराबाहेर पडेनासे झाले, ते आजारापेक्षा या शेऱ्यांमुळे, असं मला आज वाटतं.

माझं अजून बरं चाललंय. नोकरी चालू आहे. पाय जरा फाकवून चालतो, जिना उतरताना कठडा सोडत नाही. घरातल्या बोळात मी भिंतीवर बोटं टेकवत जातो. वळणाच्या कोपऱ्यावर खांद्याच्या उंचीला रंगावर एक करडा पट्टा उमटलाय. पाहुणे विचारतात, इथे ओल आहे का? मी हो म्हणतो.

तर प्रश्न असे. काठी किंवा वॉकर नेमका कधी घ्यावा? मन म्हणतं शेवटच्या क्षणापर्यंत नको. लोकांना सांगायचं कसं आणि कितपत? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, आज जे थोडंफार बायको करते ते उद्या खूप होणार आहे. तिच्या एकटीवर पडू नये म्हणून आतापासून काय करता येईल? 'सकारात्मक राहा' हे सांगून झालेलं आहे, ते कृपया वगळा.

बिनचूक:

चांगला विषय. वाचणाऱ्यांसाठी थोडी भर. अटॅक्सिया हा एक आजार नाही, तो लक्षणांचा गट आहे. त्यातले काही प्रकार उपचारांनी थांबतात किंवा सुधारतात: ब १२ किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, दारू, फेनिटॉइनसारखी (हे फिट्सवरचं औषध) काही औषधं. म्हणून झोकांड्या जाताहेत म्हटल्यावर थेट आनुवंशिक आजारावर उडी मारू नये, आधी ही यादी तपासून घ्यावी.

दुसरं, आनुवंशिक प्रकाराची शंका असेल तर 'सगळी जनुकं तपासली, काही नाही' या अहवालावर थांबू नका. एससीए १, २, ३, ६, ७ या सगळ्यांत जनुकातली तीन अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवली गेलेली असतात. नेहमीच्या एक्झोम तपासणीत (जनुकांतले प्रथिनं बनवणारे भाग वाचणारी तपासणी) अशी लांबलेली पुनरावृत्ती बऱ्याचदा निसटते, तिच्यासाठी वेगळी चाचणी सांगावी लागते. आमच्या नात्यातल्या एकाचं निदान याच कारणाने रखडलं होतं.

ओसरी:

सावकाश, तुमचा तिसरा प्रश्न तुमच्या बायकोने विचारायला हवा होता. तिच्या वतीने मी लिहिते, कारण मी त्या जागी आहे. नवऱ्याला एससीए २ आहे. आता घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर.

सुरुवातीला सगळे म्हणतात, 'काही लागलं तर सांग.' या वाक्याचा काडीचा उपयोग नसतो. म्हणणारे वाईट नसतात हो. पण काय लागतंय ते ओळखायचं, शब्दांत मांडायचं, कोणाला फोन करायचा ते ठरवायचं, मग ओशाळवाणं होऊन मागायचं, हे सगळं पुन्हा माझ्याच अंगावर येतं. दमलेल्या माणसाकडून ते होत नाही. मग एक दिवस नणंद म्हणाली, 'मी दर गुरुवारी दुपारी येणार. तू घरात थांबायचं नाहीस.' विचारलं नाही, सांगितलं. पहिल्या गुरुवारी मी बाहेर पडले आणि कुठे जायचं तेच सुचेना. नुसती चालत राहिले. आता गुरुवार दुपार माझी असते आणि घरातही ते सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा मदत मागायचीच तर वार, वेळ आणि काम सांगून मागा. 'महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे नेशील का?' 'वीजबिलं, विम्याचे कागद तू बघशील का?' दूर राहणाऱ्या दिराने कागदपत्रं उचलली आहेत, आणि हे काम त्याच्या स्वभावाला इतकं मानवलंय की आता तोच मला आठवण करतो. प्रत्येकाला रुग्णाजवळ बसणं जमत नाही. काहींना भीतीच वाटते. त्यांना कागद द्या.

आणखी एक गोष्ट, जी घरात बोलता येत नाही. रात्री मी आवाजावर झोपते. वॉकरची चाकं फिरली की मला कळतं कुठपर्यंत गेले. मध्ये आवाज थांबला की मी उठून बसलेली असते. गेल्या कित्येक वर्षांत सलग झोप म्हणजे काय ते माहीत नाही. डॉक्टर त्यांना विचारतात, 'कसे आहात?' मला विचारतात, 'ते कसे आहेत?'

पानगळ:

ओसरीताई, शेवटची दोन वाक्यं आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, फक्त 'पुन्हा वाच' म्हणाली.

मी पंचविशीत आहे, फ्रीड्राइकचा अटॅक्सिया. (१८६३ साली निकोलाउस फ्रीड्राइक या जर्मन डॉक्टरांनी वर्णन केला म्हणून हे नाव.) यात दोन्ही पालक वाहक असावे लागतात, त्यांना स्वतःला काही होत नाही, आणि प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. बहुतेकांना शाळेच्या वयातच सुरू होतो. तोलाखेरीज हृदय, पाठीचा कणा आणि रक्तातली साखर यांच्यावरही लक्ष ठेवावं लागतं. माझी वर्षाची अर्धी रजा तपासण्यांत जाते.

काठी-वॉकरबद्दल माझं मत टोकाचं आहे. लाज वाटते म्हणून आपण साधन टाळतो आणि मग साधन नाही म्हणून जाणंच टाळतो. मी कॉलेजमध्ये असताना वर्ग बदलताना भिंतीला धरून जायचे, सगळी शक्ती त्यातच जायची. वर्गात पोचले की समोर काय शिकवताहेत ते कळायचं नाही. व्हीलचेअर घेतली त्या सत्रात मी पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला गेले. लोक मात्र चेहरा पाडून म्हणाले, 'अरेरे, इतक्यात?' त्यांना वाटलं मी हरले. मला तर फिरायला मिळालं!

थोडं थोडं चालतेही अजून, घरात. लोकांना हे कळत नाही. व्हीलचेअरवरून उठून दोन पावलं टाकली की अशा नजरेने बघतात, जणू नाटक पकडलं.

गोम:

माझ्या माहितीतल्या एकांना स्टेम सेल थेरपीने खूप फरक पडला. दहा इंजेक्शनांचा कोर्स असतो. हवं असल्यास पत्ता देतो. शिवाय मन खंबीर असेल तर शरीर साथ देतंच, अशी कितीतरी उदाहरणं आहेत.

बिनचूक:

गोम, हेतू चांगला असेल, पण हे इथे राहू देणं बरोबर नाही म्हणून स्पष्ट लिहितो. आनुवंशिक अटॅक्सियात स्टेम सेलने आजार थांबतो किंवा उलटतो याचा पुरावा नाही. अशी इंजेक्शनं पैसे घेऊन सर्रास दिली जातात. खऱ्या वैद्यकीय चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेणं हा नियम नसतो, अपवादच असतो. ही ओळखायची पहिली खूण. शिवाय अशी इंजेक्शनं घेतलेली असली तर पुढे एखाद्या खऱ्या चाचणीत प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

'खूप फरक पडला' हे मोजायचं कसं, तेही सांगतो. अटॅक्सियासाठी सारा नावाची मोजपट्टी आहे, २००६ पासून वापरात आहे. चालणं, उभं राहणं, बसणं, बोलणं आणि हातापायांच्या चार चाचण्या, अशा आठ गोष्टी. एकूण ० ते ४० गुण, आणि जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. इंजेक्शनाआधीचा आणि वर्षभरानंतरचा सारा गुण कुणी दाखवला तर बोलू.

खरी प्रगतीही सांगायला हवी. फ्रीड्राइकसाठी ओमाव्हेलॉक्सोलोन या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, १६ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. ते आजार बरा करत नाही, वेग कमी करतं. एससीएसाठी असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही, संशोधन चालू आहे.

गोम:

ठीक आहे. मी फक्त ऐकलेलं सांगितलं.

हातोडी:

मी मुलगा, आईला उशिरा सुरू झालेला अटॅक्सिया. हातात पाना-स्क्रूड्रायव्हर आला की मला बरं वाटतं, तेव्हा माझा वाटा त्यातलाच.

न्हाणीघरात धरायला बार लावताना तो भिंतीत ड्रिल करून पक्का बसवा. रबरी चोषणीवर चिकटणारे बार मिळतात, ते विसरा. अटॅक्सियात माणूस हळूच धरत नाही, पडता पडता पूर्ण वजनानिशी झडप घालतो, आणि तो बार हातात येतो. न्हाणीघराचं दार आत उघडत असेल तर बाहेर उघडेल असं करून घ्या. आत कुणी दारालाच टेकून पडलं तर बाहेरून उघडता येत नाही. कडी बाहेरूनही निघेल अशी. बसून अंघोळ करायला पाठ असलेली खुर्ची, स्टूल नाही. उंबरे काढता येत असतील तर काढा, नाहीतर उताराची पट्टी लावा. सतरंज्या, पायपुसणी सगळी गुंडाळून माळ्यावर. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी, कारण डोळेही दगा देतात. पायरी कुठे संपते ते कळत नाही. रात्री अंधारात तोल आणखी जातो म्हणून पलंगापासून संडासापर्यंत खाली, जमिनीलगत दिवे.

वॉकर घेताना हलका म्हणून कौतुकाने घेऊ नका. आईला हलकी चौकट उलट त्रासाची झाली. उचलून पुढे ठेवताना ती स्वतःच मागे जायची. चार चाकांचा, ब्रेकचा, जरा जड वॉकर बरा पडला. पण प्रत्येकाचं वेगळं, फिजिओथेरपिस्टसमोर चालून बघा आणि मगच घ्या. ब्रेक लावून बसायची सवय आधी करून घ्यायची, नाहीतर सीटवर टेकायला जावं आणि वॉकर निघून जावा.

सावकाश, तुमच्या भिंतीवरच्या पट्ट्याबद्दल: तिथे लाकडी कठडा लावून टाका, कमरेच्या उंचीला. दिसायलाही वाईट दिसत नाही. नाहीतर पाहुणे ओल शोधत बसणार.

सावकाश:

हातोडी, कठडा लावतो. पाहुण्यांचं बघू.

पानगळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'साधन नाही म्हणून जाणंच टाळतो' हे मला लागू आहे, पूर्ण. मी गेल्या वर्षात किती ठिकाणी 'काम आहे' सांगून गेलो नाही ते आठवलं.

ओसरी, बायकोला धागा वाचायला दिलाय. ती वाचतेय, मी दुसऱ्या खोलीत आहे.

निळी शाई:

वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. अटॅक्सियाचे रुग्ण आमच्याकडे नेहमी उशिरा येतात, बोलणं समजेनासं झाल्यावर किंवा फुप्फुसात संसर्ग झाल्यावर. म्हणून गिळण्याबद्दल आधी लिहिते, ते जास्त महत्त्वाचं आहे.

ठसका लागायला सुरुवात होते ती बहुधा घन पदार्थांनी नाही, पातळ पदार्थांनी. साधं पाणी सगळ्यात फसवं, कारण ते घशात वेगाने उतरतं आणि स्नायूंना वेळेत आवरता येत नाही. जेवताना ओलसर, घोगरा आवाज येऊ लागला, जेवण नेहमीपेक्षा फार लांबलं, वजन उतरायला लागलं, किंवा वारंवार ताप आणि खोकला येऊ लागला तर गिळण्याची तपासणी करून घ्या. काहींना हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने फरक पडतो, काहींना पाणी दाट करायची पूड लागते. पण हे व्हिडिओ बघून ठरवू नका, एकाला उपयोगी पडणारं दुसऱ्याला त्रासाचं ठरू शकतं. सगळ्यांना चालेल असं एवढंच: ताठ बसून खा, लहान घोट, तोंडात घास असताना बोलू नका आणि टीव्ही बंद. घरातल्यांनीही त्या वेळी प्रश्न विचारू नयेत. ठसका लागला की पाठ थोपटत 'पाणी पी, पाणी पी' म्हणतात, तेही नको. खोकू द्या.

बोलण्याबद्दल: वेग कमी करा, वाक्यं छोटी ठेवा, दर दोन-तीन शब्दांनी श्वास. फोनपेक्षा व्हिडिओ कॉल बरा, कारण ओठ दिसतात. दमलेले असताना महत्त्वाची बोलणी ठेवू नका, सकाळी ठेवा. ऐकणाऱ्यांना एक विनंती: वाक्य पूर्ण करून देऊ नका, आणि समजलं नसेल तर समजल्यासारखी मानही डोलवू नका. 'पहिला भाग कळला, शेवटचं पुन्हा सांगा' म्हणा, म्हणजे त्यांना सगळं पुन्हा बोलावं लागत नाही.

आणि आवाज आत्ता चांगला असेल तर आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. पुढे यंत्राच्या मदतीने बोलायची वेळ आली तर हल्ली स्वतःच्या आवाजासारखा आवाज तयार करता येतो, पण त्याला आधीचा साठा लागतो. अनेकांना हे करताना रडू येतं. एका बैठकीत करू नका.

दुसरं टोक:

बरेच दिवस नुसती वाचते आहे. माझ्या आईला एससीए आहे. मोठ्या भावाची तपासणी झाली, त्याला आहे. मी तपासणी केलेली नाही आणि सध्या करायची नाही.

घरात यावर भांडण आहे. काकांचं म्हणणं, 'माहीत असलेलं बरं, तयारी करता येते.' मी विचारते, कसली तयारी? औषध नाही. व्यायाम मी तसाही करते. आईकडून हे माझ्यात आलं असण्याची ५० टक्के शक्यता डोक्यावर घेऊन जगायची मला सवय झालीय. ० किंवा १०० यातलं काहीही ऐकलं तर मी वेगळी बाई होईन, असं वाटतं. ० आलं तरी. भावाच्या समोर ० घेऊन कशी उभी राहू?

पेला हातातून सुटला की मी पाच मिनिटं तिथेच उभी असते.

सावकाश:

दुसरं टोक, मी तपासणी करून घेतली ती लक्षणं दिसू लागल्यावर, त्यामुळे तुमच्या जागी मी कधी नव्हतो. पण मला दोन मुलं आहेत. त्यांच्यासाठी ती शक्यता मीच ५० टक्के ठेवली आहे. मोठा आता विचारू लागलाय. जनुकात अक्षरांची पुनरावृत्ती साधारण ६० च्या वर गेली की हा आजार होतो, आणि आकडा जितका मोठा तितकी सुरुवात लवकर, पुढच्या पिढीत तर आकडा वाढूही शकतो, हे सगळं मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो ऐकून म्हणाला, 'बाबा, तुम्हाला भीती वाटते का?' आकड्यांत याचं उत्तर नव्हतं.

बिनचूक:

दुसरं टोक, न जाणण्याचा हक्क हा तुमचा हट्ट नाही, तो मान्य झालेला नियम आहे. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं आणि १९९४ मध्ये लक्षणं नसलेल्यांच्या तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली. अशा उशिरा सुरू होणाऱ्या इतर आनुवंशिक आजारांतही तीच पद्धत पाळली जाते. तपासणी फक्त स्वतःच्या इच्छेने. आधी समुपदेशन. सज्ञान होण्याआधी नाही, म्हणजे सावकाश, तुमच्या मुलांची तपासणी आई-वडिलांच्या हौसेखातर होऊ नये. आणि रक्त दिल्यावरही, अहवाल तयार असला तरी, 'मला आता नको' म्हणता येतं.

समुपदेशक म्हणजे तपासणी गळ्यात मारणारा माणूस नव्हे. तपासणी न करताही त्यांच्याकडे जाता येतं. मूल हवं असेल तर आजार पुढे जाऊ न देण्याचे मार्गही ते सांगतात. त्यातल्या काहींत तुमचा स्वतःचा निकाल तुम्हाला न कळवताही पुढे जाता येतं.

दुसरं टोक:

शेवटचं वाक्य मला माहीत नव्हतं. धन्यवाद. याबद्दल विचारेन.

पानगळ:

दुसरं टोक, तुझा भाऊ कसा आहे? त्याच्याशी तू हे बोललीस का, ० चं? माझा धाकटा निरोगी आहे. तो वर्षानुवर्षं माझ्यासमोर पळायचा नाही. मला ते जास्त लागायचं. एकदा सरळ सांगितलं, 'पळ, मला बघायचंय.' आता तो मॅरेथॉन पळतो आणि मी शेवटच्या वळणावर खुर्चीत बसून त्याला शिव्या घालते.

हातोडी:

हाहा.

ओसरी:

लोकांना सांगायच्या मुद्द्यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही एक छोटं कार्ड करून नवऱ्याच्या पाकिटात ठेवलंय: 'मला अटॅक्सिया हा मेंदूचा आजार आहे. त्यामुळे माझं चालणं आणि बोलणं अडखळतं. मी दारू प्यायलेलो नाही. कृपया मला थोडा वेळ द्या.' खाली माझा नंबर. परदेशातल्या रुग्णसंघटना असं कार्ड देतात हे वाचलं होतं, आम्ही घरीच छापलं. एकदा रस्त्यावर पोलिसाने अडवलं तेव्हा नवऱ्याला घाईत एक शब्द बोलता येईना, कार्ड पुढे केलं. त्या माणसाने वाचलं आणि स्वतः रस्ता ओलांडून दिला. पण उपयोग रोज होतो तो वेगळाच. कार्ड खिशात आहे म्हटल्यावर ते बाहेर पडतात.

ऑफिसात सांगावं की नाही यावर माझं मत: लोकांनी आपापला अंदाज बांधण्याआधी सांगा. तुमच्या वडिलांचं लिहिलंत ना तुम्हीच. फक्त सगळ्यांना एकदम नको. आधी एक माणूस निवडा, ज्याच्या तोंडून पुढे गेलं तरी चालेल असा.

सावकाश:

सगळ्यांना मिळून उत्तर, जरा लांबेल.

फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आलो. त्यांच्यासमोर तीन प्रकारचे आधार घेऊन चाललो आणि गिर्यारोहक वापरतात तशा दोन काठ्या मला सगळ्यात मानवल्या. एका काठीवर मी एका बाजूला कलत होतो. त्यांनी व्यायामही दिला आहे. निव्वळ ताकदीचा नाही, तोल आणि समन्वयाचा. जर्मनीत २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात चार आठवडे असा कसून सराव केलेल्या, लहान मेंदूच्या आजाराच्या रुग्णांचं चालणं आणि तोल मोजण्याइतपत सुधारला होता. सुटला की फायदा ओसरतो, म्हणजे हे कायमचं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या सगळ्यात आपल्या हातात असलेली एक गोष्ट सापडली.

काठ्या घेऊन ऑफिसात गेलो. आधी एकीला सांगून ठेवलं होतं, ओसरींच्या सल्ल्याने. कुणी फारसं काही बोललं नाही. एकाने विचारलं, 'ट्रेकला चाललास का?' मी सांगितलं. तो म्हणाला, 'मला वाटलं होतं तू हल्ली...' आणि तिथेच थांबला. पुढचं मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. निदान तो विषय तरी संपला.

बायकोने धागा वाचून काय म्हटलं ते लिहू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, 'लिही की मला रडायला माणूस हवाय आणि तो तू नकोस.' ऐकायला कठीण गेलं. पण ती बरोबर आहे. माझ्यासमोर रडली की मी तिला समजवायला लागतो, मग ती मला सावरायला लागते, आणि तिचं रडायचं राहूनच जातं.

ओसरी:

तिला सांगा, माझ्या मनातलं बोललीस.

मी आणि आणखी दोघी रविवारी रात्री व्हिडिओवर भेटतो, फक्त सांभाळणाऱ्या. एकीच्या वडिलांना पार्किन्सन आहे, दुसरीच्या मुलीला स्नायूंचा आजार. आजार वेगळे आहेत पण रात्रीची झोप सगळ्यांची सारखीच मोडलेली. उपाय सुचवायचे नाहीत, हा एकच नियम आहे. कुणी मागितले तरच. कधी कधी आम्ही नवऱ्यांवर, आयांवर चिडलेल्या असतो, ते बोलतो. बाहेर बोलता येत नाही, लोक लगेच म्हणतात 'बिचारा आजारी आहे'. ते आम्हाला माहीत आहे.

नंबर निरोपातून पाठवते.

निळी शाई:

रुग्णांसाठीही असं काही करता येईल का? माझ्याकडे येणारे काही जण विचारत असतात. गटात बोलताना त्यांना भीती वाटते की आपलं वाक्य होईपर्यंत विषय पुढे गेलेला असेल.

पानगळ:

मी चालवीन. चार-पाच जणांवर संख्या जाऊ द्यायची नाही, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याने बोलायचं नाही, आणि कितीही वेळ लागला तरी चालेल. सावकाश, तुमचं नाव गटाला द्यायचं का?

सावकाश:

द्या की. शनिवार चालेल का? रविवारी बायको त्या कॉलवर असणार आणि मुलांचा अभ्यास माझ्याकडे.

दुसरं टोक:

लक्षणं नसलेल्यांनी आलं तर चालेल का? नुसती ऐकेन.

पानगळ:

चालेल. भावालाही विचार.